३० टक्के सीपीयू, तरी गाणं अडखळतं: अपसॅम्पलिंग फिल्टर मशीन बघून कसा निवडायचा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अपसॅम्पलिंग म्हणजे गाण्याच्या फाइलमधल्या दर सेकंदाच्या सॅम्पलची (आवाजाच्या मोजमापांची) संख्या संगणकात वाढवून मग ते डॅकला देणं. प्रश्न विचारणाऱ्यांकडे इंटेलचा आय५-८२५०यू असलेला लॅपटॉप आहे, डॅक (डिजिटल आवाज ॲनालॉगमध्ये बदलणारं यंत्र) ७६८ किलोहर्ट्झ पीसीएम (अनेक बिटांच्या सॅम्पलचं नेहमीचं स्वरूप) आणि डीएसडी२५६ (एकाच बिटाच्या, पण फार वेगवान सॅम्पलचं स्वरूप) पर्यंत घेतो, एचक्यूप्लेअर या अपसॅम्पलिंग करणाऱ्या प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी सिंक-एम हा दहा लाख टॅपचा (टॅप म्हणजे फिल्टरमधला एकेक गुणक) फिल्टर लावलाय, साधा सातव्या ऑर्डरचा मॉड्युलेटर (डीएसडीचे बिट बनवणारा भाग) आणि आउटपुट डीएसडी२५६. पहिली दोन मिनिटं छान चालतं, मग अडखळायला लागतं, पण टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ३० टक्क्यांच्या वर जातच नाही. घरात ग्राफिक्स कार्डवाला एक डेस्कटॉपही आहे. तर कोणता फिल्टर लावू, आणि ३० टक्क्यातच मशीन का हरतंय?

मी बरीच वर्षं हेच करतोय, स्वतःसाठी आणि ओळखीच्यांच्या सेटअपवर, आणि फिल्टर निवडताना लोक पहिली चूक इथेच करतात की यादीत सगळ्यात लांब फिल्टर कुठला ते बघून तिथून सुरुवात करतात. सुरुवात डॅकपासून करायची, मग मशीनमध्ये नक्की कुठे कोंडी होतेय ते शोधायचं, आणि फिल्टरचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं.

आधी ते ३० टक्क्यांचं कोडं सोडवू. तुमच्या चिपला ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत, टास्क मॅनेजर या आठांची सरासरी दाखवतो, म्हणजे दोन थ्रेड जीव तोडून १०० टक्के पळत असतील आणि बाकीचे सहा रिकामे बसले असतील तरी आकडा २५ च दिसणार. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. टास्क मॅनेजरमध्ये आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे बघा, दोन आलेख छताला टेकलेले दिसतील (विंडोज काम इकडून तिकडे हलवत राहतं, त्यामुळे कधीकधी ते चार-पाच आलेखांत पसरलेलंही दिसतं, पण गोष्ट तीच).

दोनच का, तर डीएसडी बनवताना दोन अगदी वेगळ्या स्वभावाची कामं होतात. पहिलं काम फिल्टरचं. त्यात प्रत्येक आउटपुट सॅम्पल म्हणजे आजूबाजूच्या इनपुट सॅम्पलना ठरावीक गुणकांनी गुणून केलेली बेरीज, आणि एका सॅम्पलचा हिशेब दुसऱ्या आउटपुट सॅम्पलवर अवलंबून नसतो, म्हणून हे काम चार कोअरमध्ये वाटा, ग्राफिक्स कार्डच्या हजारो छोट्या युनिटमध्ये वाटा, वाटलं जातं. दुसरं काम मॉड्युलेटरचं, जो हे सगळं एका बिटात बसवतो, आणि तिथे प्रत्येक बिटाची चूक पुढच्या बिटाच्या हिशेबात परत घातली जाते. म्हणजे आधीचा बिट ठरल्याशिवाय पुढचा ठरूच शकत नाही. एका चॅनलचा मॉड्युलेटर दोन कोअरमध्ये तोडता येत नाही, डावा एका कोअरवर आणि उजवा दुसऱ्यावर, बस, संपलं. तुम्ही १६ कोअरचं मशीन आणलंत तरी स्टीरिओच्या मॉड्युलेटरला त्यातले दोनच उपयोगाचे, आणि त्या दोघांचा घड्याळाचा वेग किती आहे एवढंच तिथे महत्त्वाचं.

आता आकडे घालून बघा. डीएसडी२५६ म्हणजे सेकंदाला १ कोटी १२ लाख ८९ हजार ६०० बिट, प्रत्येक चॅनलला. तुमची चिप टर्बोमध्ये ३.४ गिगाहर्ट्झला पळते, म्हणजे एका बिटासाठी साधारण ३०० घड्याळी ठोके मिळतात. पण तीच चिप १५ वॉटची आहे, टर्बो थोड्या वेळापुरता असतो, नंतर वीज आणि उष्णतेची मर्यादा लागू होते आणि वेग खाली यायला लागतो, मूळ वेग तर फक्त १.६ गिगाहर्ट्झ. तिथपर्यंत घसरला तर त्याच बिटासाठी १४० च ठोके उरतात. दोन मिनिटं छान आणि मग अडखळणं याचं उत्तर बहुतेक इथेच आहे, चिप गरम झाली आणि मॉड्युलेटरचं बजेट अर्ध्यावर आलं.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगतोय कारण मी स्वतः यात दोन महिने घालवलेत. माझ्याकडे पंखा नसलेला एक छोटा पीसी होता, तो वीस मिनिटं मस्त वाजायचा आणि मग टिक-टिक सुरू. मी यूएसबी केबल बदलली, पोर्ट बदलला, ड्रायव्हर तीनदा घातले, डॅकवर संशय घेतला. शेवटी घड्याळाचा वेग आणि तापमान दाखवणारं टूल शेजारी उघडं ठेवून गाणं लावलं तेव्हा दिसलं की तापमान चढतंय, वेग उतरतोय आणि बरोब्बर त्याच क्षणी टिक येतोय. तेव्हापासून कुणीही अडखळण्याची तक्रार केली की मी केबलबद्दल काही बोलायच्या आधी वेगाचा आलेख मागतो.

आता फिल्टर. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये आपल्याला २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं जसंच्या तसं ठेवायचं असतं आणि २२.०५ च्या (४४.१ च्या निम्म्याच्या) वरच्या प्रतिमा, म्हणजे मूळ आवाजाच्या नको असलेल्या नकला, कापायच्या असतात. मध्ये उतरायला जागा २.०५ किलोहर्ट्झ. फिल्टर जितका कमी जागेत उतरायचा तितका तो लांब, म्हणजे टॅप जास्त, हा नियम काही चुकत नाही. तर २० ते २२.०५ मध्ये १२० डेसिबल खाली उतरायचं असेल आणि आउटपुट १६ पट म्हणजे ७०५.६ किलोहर्ट्झ असेल, तर फिल्टरची लांबी काढायच्या कायझरच्या नेहमीच्या सूत्रानं साधारण २,७०० टॅप लागतात. शिवाय अपसॅम्पलिंगमध्ये मधली सॅम्पल शून्य असतात, त्यांना गुणायची गरजच नसते, पॉलीफेज रचनेत प्रत्येक आउटपुट सॅम्पलमागे त्यातले १६८-१७० टॅपच खरे वापरले जातात. म्हणजे सेकंदाला एका चॅनलमागे १२ कोटी गुणाकार-बेरजा. मोठा वाटतो आकडा, पण तुमच्या लॅपटॉपचा एक कोअर कागदावर सेकंदाला अब्जावधी करतो, त्याला हे काहीच नाही.

आता दहा लाख टॅप घ्या, नेमकं सांगायचं तर २ चा २० वा घात, १०,४८,५७६. तोच १६ पटीचा हिशेब सरळ केला तर सेकंदाला एका चॅनलमागे ४६ अब्ज गुणाकार होतात. त्यामुळे सरळ कुणी करत नाही, एफएफटी (सगळा ब्लॉक एकदम फ्रिक्वेन्सीमध्ये बदलून हिशेब करायची जलद पद्धत) वापरून करतात आणि काम कित्येक पटींनी कमी होतं, पण मग दुखणं दुसरीकडे निघतं. एवढ्या लांब फिल्टरला एफएफटी एकाच घासात करायची म्हटली तर २० लाखांवर बिंदूंचा ब्लॉक लागतो, ६४ बिट अचूकतेत एका चॅनलचा डेटाच १६ एमबीच्या वर जातो आणि तुमच्या चिपचा एल३ कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) आहे ६ एमबी. म्हणजे सगळं रॅममध्ये ये-जा करणार, आणि त्याच वेळी ते दोन मॉड्युलेटर थ्रेड शेजारी कॅश आणि वीज दोन्ही मागत बसलेत. फिल्टरचं काम झटक्या-झटक्यानं येतं, प्रत्येक झटक्याला चिप तापते, आणि मार खातो मॉड्युलेटर. बाहेरून बघणारा म्हणतो फिल्टर जड झाला, खरं तर फिल्टरनं दुसऱ्याचं ताट ओढलेलं असतं.

आणि त्या दहा लाख टॅपनी मिळतं काय, तर तोच १२० डेसिबलचा उतार २ किलोहर्ट्झऐवजी ५ हर्ट्झमध्ये पूर्ण होतो. माझं प्रामाणिक मत सांगतो, गणित म्हणून ते सुंदर आहे आणि ताकदीचं मशीन असेल तर जरूर लावा, मीही लावतो. पण काही हजार टॅपवरून दहा लाखांवर जाताना ऐकू येणारा फरक आणि अडखळत्या मशीनमुळे होणारं नुकसान यांची बरोबरीच होऊ शकत नाही.

लांब फिल्टरचा अजून एक हिशेब लोक विसरतात तो उशिराचा. लिनिअर फेज (सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर करणारा) फिल्टर स्वतःच्या निम्म्या लांबीइतका उशीर करतो, दहा लाख टॅप ७०५.६ ला म्हणजे पाऊण सेकंद, वर ब्लॉकचा बफर वेगळा. नुसतं संगीत ऐकायला फरक पडत नाही, पण व्हिडिओ बघत असाल तर ओठ आणि आवाज जुळणार नाहीत, तिथे छोटा मिनिमम फेज (कमीत कमी उशीर करणारा) फिल्टर वापरा.

लिनिअर की मिनिमम फेज हा प्रश्न मात्र हार्डवेअरचा नाहीच. टॅप तेवढेच असतील तर खर्चही तेवढाच. लिनिअरमध्ये वाद्याच्या ठोक्याच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे रिंगिंग (फिल्टरची बारीक थरथर) येतं, मिनिमममध्ये सगळं नंतर जातं आणि बदल्यात वरच्या टोकाला फेज थोडा सरकतो. हे रिंगिंग कापण्याच्या जागेजवळच्या फ्रिक्वेन्सीला असतं, २१-२२ किलोहर्ट्झला, त्यामुळे त्यावरून भांडण्यापेक्षा स्वतःच्या कानानं ठरवा. मी शास्त्रीय गायन आणि तंतुवाद्यांना लिनिअर ठेवतो, बाकी कशालाही नियम नाही.

त्यापेक्षा अपोडायझिंग फिल्टर समजून घेण्यासारखा आहे. पीटर क्रेव्हन यांनी २००४ मध्ये ही कल्पना नीट मांडली: रेकॉर्डिंग करतानाच्या कन्व्हर्टरनं २२.०५ च्या तोंडाशी जो कडक फिल्टर लावलेला असतो त्याचं रिंगिंग फाइलमध्ये कोरलं गेलेलं असतं, तर प्लेबॅकच्या फिल्टरनं थोडं आधीच, हळुवारपणे उतरायला सुरुवात करून २२.०५ पर्यंत पूर्ण बंद व्हायचं, म्हणजे ते जुनं रिंगिंग निघून जातं. जुन्या सीडीच्या फाइल जास्त ऐकत असाल तर अपोडायझिंगच लावा, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे यासाठी दहा लाख टॅप लागत नाहीत. एचक्यूप्लेअरमध्ये पॉली-सिंक-एक्सटी२ हा त्या जातीचा आहे, बऱ्याच मशीनवर तो न कुरकुरता चालतो आणि मी नव्या माणसाला तोच पहिला सांगतो.

९६ किंवा १९२ ची फाइल असेल तर चित्रच बदलतं. ९६ मध्ये उतरायला २० ते ४८, म्हणजे २८ किलोहर्ट्झची ऐसपैस जागा आहे, त्याच १२० डेसिबलला २,७०० च्या जागी २०० टॅप पुरतात. तिथे लांब फिल्टर लावून मशीन तापवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. एचक्यूप्लेअरमध्ये मूळ १ पट (४४.१/४८ च्या) फाइलसाठी वेगळा आणि वरच्यांसाठी वेगळा फिल्टर ठेवता येतो, ती सोय वापरा.

आता डॅककडे या, कारण तुमच्या बाबतीत सगळं इथेच सुटतं. अपसॅम्पलिंग ही काही नवी गोष्ट नाही, १९८२ च्या फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्येच १४ बिटांचा डॅक आणि ४ पट ओव्हरसॅम्पलिंग होतं, आणि ते जोडीला नॉइज शेपिंग (गोंगाट ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीत ढकलणं) लावून १६ बिटांचं काम काढायचे. आजच्या डेल्टा-सिग्मा डॅक चिपमध्येही आत साधारण ८ पटीचा फिल्टर आणि पुढे मॉड्युलेटर असतोच, फक्त चिपमध्ये जागा आणि वीज मर्यादित, त्यामुळे फिल्टर छोटा. आपण संगणकात करतो ते एवढंच की तो छोटा फिल्टर बाजूला ठेवून आपला चांगला फिल्टर लावतो. आणि बऱ्याच चिप ३५२.८ किंवा त्याच्या वरचा पीसीएम आला की आतला ८ पटीचा फिल्टर आपोआप वगळतात. म्हणजे ७०५.६ पीसीएम पाठवलं की तुमच्याच फिल्टरचा बहुतांश फायदा मिळतो आणि मॉड्युलेटरचं ओझं लॅपटॉपवर पडतच नाही. तुमच्या डॅकची माहितीपत्रिका बघून हे तपासा. डॅक रेझिस्टर लॅडरचा (रेझिस्टरच्या साखळीतून थेट पीसीएम बदलणारा) असेल तर पीसीएमच त्याचं घर आहे, तिथे डीएसडीच्या मागे लागूच नका.

म्हणून लॅपटॉपवर माझा सल्ला असा: आउटपुट पीसीएम, रेट ७०५.६/७६८, फिल्टर पॉली-सिंक-एक्सटी२. व्हॉल्यूम ३ डेसिबल खाली ठेवा, कारण आजकालचं मास्टरिंग इतकं काठोकाठ असतं की दोन सॅम्पलच्या मध्ये लाट शून्य डेसिबलच्या वर जाते, अपसॅम्पलिंगमध्ये ती लाट खरोखर उभी राहते आणि जागा नसेल तर कापली जाते, आणि लोक मग म्हणतात हा फिल्टर कर्कश आहे.

एक मात्र करा, ४४.१ च्या फाइल ७०५.६ ला आणि ४८ च्या ७६८ ला जातील असं सेटिंग ठेवा. ४४.१ वरून ७०५.६ म्हणजे सरळ १६ पट, पण ४४.१ वरून ७६८ म्हणजे १४७ ला २,५६० असं वाकडं गुणोत्तर, सॉफ्टवेअर ते करतं, पण काम उगाच वाढतं आणि काही फिल्टर तर ते करायला नकारच देतात.

डीएसडी ऐकायचंच असेल, आणि काही डॅकमध्ये डीएसडीचा रस्ता खरंच जास्त साधा आणि चांगला असतो हे मी नाकारत नाही, तर लॅपटॉपवर आधी डीएसडी१२८ लावा. बिट निम्मे झाले की प्रत्येक बिटाला ठोके दुप्पट मिळतात, १.६ गिगाहर्ट्झवरही २८० च्या आसपास. फिल्टरला दोन टप्प्यांचा, नावाच्या शेवटी २एस असलेला प्रकार घ्या, त्यात पहिल्या टप्प्यात किमान ८ पटीपर्यंत तुमचा निवडलेला फिल्टर काम करतो आणि पुढचं हलक्या फिल्टरनं होतं, जे तांत्रिकदृष्ट्या अगदी रास्त आहे कारण तोपर्यंत उतरायला जागा भरपूर झालेली असते. ईसी नावाचे मॉड्युलेटर या लॅपटॉपवर लावायचा विचारही करू नका, ते फार जड आहेत आणि त्यांना वेगवान कोअरच लागतो, दुसरा उपाय नाही.

आता तुमचा डेस्कटॉप. सिंक-एम आणि डीएसडी२५६ ची हौस तिथे भागवा. फिल्टर ग्राफिक्स कार्डवर टाकता येतो, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एचक्यूप्लेअर कूडा या एनव्हिडियाच्या तंत्राचा वापर करतो, मग सीपीयूचा कॅश आणि वीज मॉड्युलेटरसाठी मोकळी राहते. मॉड्युलेटर मात्र कार्डवर नेऊन फायदा होत नाही, कार्डचा एकेक युनिट हळू असतो आणि हे काम रांगेतच करायचं आहे. कार्ड कितीही तगडं असो, डीएसडी२५६ जमणार की नाही हे सीपीयूचा एक कोअर सतत किती वेगानं पळू शकतो यावर ठरतं. अजून एक, गेमिंगच्या कार्डांचे जे मोठे आकडे छापलेले असतात ते ३२ बिटांचे असतात, ६४ बिटांत बऱ्याच कार्डांचा वेग त्याच्या बत्तिसाव्या किंवा चौसष्टाव्या भागावर येतो, म्हणून जाहिरातीतला आकडा बघून अंदाज बांधू नका. सीपीयू इंटेलच्या बाराव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा असेल तर बऱ्याचदा त्यात मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात, मॉड्युलेटर चुकून छोट्या कोअरवर गेला की अडखळणार, तेवढं लक्ष ठेवा.

डेस्कटॉप दुसऱ्या खोलीत राहू द्या. एचक्यूप्लेअरचा एनएए नावाचा छोटा प्रोग्राम लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय ४ सारख्या बोर्डवर चालवा, तो हिशेब काहीच करत नाही, नेटवर्कवरून आलेला तयार डेटा डॅकला देतो. पंख्याचा आवाज ऐकण्याच्या खोलीतून गेला, हा फायदा मला कुठल्याही फिल्टरपेक्षा मोठा वाटतो, खरंच. नेटवर्क वायरचं असावं, वायफाय नको.

एचक्यूप्लेअर नसेल तर सॉक्स या ऑडिओ प्रोग्रामचा रिसॅम्पलर घ्या, फुकट आहे आणि उत्तम आहे. त्याच्या उच्च दर्जाच्या सेटिंगला १२५ डेसिबल आणि अतिउच्चला १७५ डेसिबल रिजेक्शन (नको त्या प्रतिमांची घट) मिळतं, दोन्हीत बँडविड्थ ९५ टक्के, आणि १६ बिटांच्या फाइलसाठी १२५ भरपूर झालं. मशीन जोखायलाही तो कामाचा: ५ मिनिटांची फाइल अतिउच्चवर ७०५.६ ला बदलायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग दुसऱ्या मशीनवर मोजा, कोण किती पाण्यात आहे ते कळतं.

शेवटी चाचणी कशी घ्यायची ते सांगतो. लॅपटॉप चार्जरला लावा, पॉवर मोड सर्वोच्च, घड्याळाचा वेग आणि प्रत्येक कोअरचा लोड दिसेल असं टूल उघडं ठेवा आणि सलग पाऊण तास अल्बम वाजवा, दोन मिनिटांची चाचणी काहीच सांगत नाही हे तुम्ही अनुभवलंच आहे. कुठलाही एक कोअर सतत ७० टक्क्यांच्या वर असेल तर एक पायरी खाली या. खाली येताना आधी डीएसडीचा रेट किंवा मॉड्युलेटर हलका करा आणि फिल्टर नंतर, कारण कोंडी मॉड्युलेटरची आहे. उलट पीसीएमवर असताना अडखळलं तर आधी फिल्टर लहान करा. ट्रॅक सुरू होताना सेकंद-दोन सेकंद थांबणं मात्र दोष समजू नका, लांब फिल्टर तयार होऊन भरायला तेवढा वेळ लागतो. आणि दोन फिल्टरची तुलना करताना आवाजाची पातळी मोजून सारखी करा, थोडा मोठा वाजणारा फिल्टर नेहमीच चांगला वाटतो.

पाऊण तासानंतरचा घड्याळाचा वेग, सगळ्यात भरलेल्या कोअरचा टक्का आणि डेस्कटॉपच्या सीपीयू-कार्डचं मॉडेल कळवा, मग डीएसडी२५६ साठी नेमकं कॉम्बिनेशन सांगतो.